त्या रात्री कराचीची पट्टी मी टाकली होती. युद्धात 'माहितीची सरशी' म्हणजे नक्की काय?

पट्टीवाली (प्रश्न, रात्री २:१०)

मी एका वृत्तवाहिनीत टिकर डेस्कवर आहे. स्क्रीनच्या तळाशी सरकत जाते ती पट्टी टाईप करणारी. वाहिनीचं नाव विचारू नका. ऑफिस अंधेरीला, घर डोंबिवलीला. नाइट संपली की पहाटेची गाडी पकडून झोपत घरी.

गेल्या वर्षीची, ८ मे २०२५ ची रात्र डोक्यातून जात नाही. ऑपरेशन सिंदूर आदल्या दिवशी पहाटे झालं होतं. डेस्कवर सहा टीव्ही, चार व्हॉट्सअॅप ग्रुप, दोन फोन आणि मागे उभे राहून ओरडणारे दोघं. साडेअकरा-बाराच्या सुमाराला कुणीतरी म्हणालं, 'नेव्हीनं कराची बंदर उडवलं.' कोण म्हणालं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. दुसऱ्या वाहिनीवर दिसलं म्हणून आमच्याकडे आलं, आणि आमच्याकडे दिसलं म्हणून तिसऱ्यांनी घेतलं असणार. मी टाईप केलं. लाल पट्टी, पांढरी अक्षरं, शेवटी उद्गारचिन्ह. सोबत जो व्हिडिओ चालला होता तो कॉम्प्युटर गेमचा वाटतो, असं ग्राफिक्सचा मुलगा हळूच म्हणाला होता. तो रोज गेम खेळतो, त्याला कळतं. त्याचं कुणी ऐकलं नाही, मीही नाही.

सकाळी घरी पोचले तर बाबा टीव्हीसमोर खूश. मला म्हणाले, 'कराची गेलं ना?' मी चहा ठेवायला आत गेले. कराची बंदरावर हल्ला झालाच नव्हता.

गंमत म्हणजे २६ एप्रिललाच माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूचना आली होती की सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका. तिची प्रिंट कॉफी मशीनशेजारी चिकटवलेली होती आणि आम्ही ती पाळलीही. खरी हालचाल एकही दाखवली नाही.

आता परवा एका चर्चेच्या कार्यक्रमात एक निवृत्त अधिकारी म्हणाले की आधुनिक युद्ध 'माहितीच्या सरशी'वर जिंकलं जातं. मी पट्टी टाकली, पण मला ते कळलं नाही. त्या रात्री आमच्याकडे माहितीचा नुसता पूर आला होता. मग सरशी कुणाची होती? आणि माझ्या पट्टीनं आपल्याच लोकांचं काही नुकसान झालं का? दुसरा प्रश्न खरा आहे. पहिला प्रस्तावना समजा.

मावळा_ठाणे (२:३४)

यात आधुनिक काय आहे? बहिर्जी नाईक. विषय संपला.

उलटी_पाटी (पहाटे ५:२०)

मावळे, नाईकांबद्दल आदर आहेच. पण सुरतेची खबर काढणारा माणूस जितका मोठा, तितकाच ती ऐकून कधी निघायचं ते ठरवणारा मोठा. खबर आणून ऐकणारा नसेल तर नाईक काय करणार? विषय इथून सुरू होतो.

पट्टीवाली, मी नौदलात वीस वर्षं काढली. १९८१ ला चिल्काला, नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात गेलो, रडार प्लॉट शाखा मिळाली, चीफ, म्हणजे वरिष्ठ नौसैनिक होऊन बाहेर पडलो. आता बदलापूरला नातवाला शाळेच्या बसमध्ये चढवणं एवढीच वॉच उरली आहे.

माझ्या या नावातच तुझं निम्मं उत्तर आहे. आमच्या वेळी जहाजाच्या ऑप्स रूममध्ये, म्हणजे लढाईचे निर्णय होतात त्या खोलीत, पर्स्पेक्सची एक उभी पारदर्शक पाटी असायची. एक जण तिच्या मागे हेडफोन लावून उभा. रडारवाला कानात सांगणार, अमुक दिशा, अमुक अंतर. मागच्यानं चायनाग्राफ पेन्सिलनं खूण करायची, शेजारी आकडे लिहायचे, आणि सगळं उलटं लिहायचं, म्हणजे पुढे बसलेल्या कॅप्टनला सुलट दिसतं. हात बसायला मला दोन महिने लागले. अजूनही वाण्याची यादी उलटी लिहून नातवाला चकवतो.

प्रत्येक ठिपक्याशेजारी तीन गोष्टी हव्यातच. तो कोण: आपला, शत्रूचा की 'अननोन'. कधी दिसला. कुणी पाहिला: आमच्या रडारनं, की दुसऱ्या जहाजानं वायरलेसवर कळवला. वेळ नसलेला ठिपका पाटीवर चालत नसे. वीस नॉटनं जाणाऱ्या जहाजाचा दहा मिनिटं जुना ठिपका म्हणजे सहा किलोमीटर खोटं. आणि 'अननोन' लिहायला लाज वाटायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. मी ते शिकलो मात्र मार खाऊन.

एक सराव होता. जहाजाचं नाव राहू दे. मुंबई हायच्या अलीकडे, मिडल वॉच, म्हणजे रात्री बारा ते चार. मासेमारीचा हंगाम, त्यामुळे पडद्यावर नुसती बाजरी सांडलेली. सरावातला 'शत्रू' कुठेतरी त्यात होता. एक ठिपका सावकाश चालला होता, रडारचा आवाज नाही, दिवे ट्रॉलरचे. डोळे चुरचुरत होते. मी त्याच्यापुढे लिहिलं, 'मच्छीमार'. मला तो मच्छीमार आहे असं कळलेलं नव्हतं. मला फक्त तो मच्छीमार असायला हवा होता, म्हणजे त्याच्याकडे परत बघायला नको. पन्नास मिनिटांनी त्यानं आम्हाला 'बुडवलं'. स्वतःचं रडार बंद करून मच्छीमारांचे दिवे लावून तो आरामात चालत आला होता.

कॅप्टन ओरडले नाहीत. पाटीपाशी आले, माझ्या अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हे कुणी पाहिलं?' मी म्हटलं, 'कुणी नाही सर.' ते निघून गेले. नंतर चीफनं जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही.

आता तुझं कराची. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. आपल्या नौदलाचा कराचीवर हल्ला: निपात, निर्घात आणि वीर या तीन लहान क्षेपणास्त्र बोटी, सोबत दोन मोठी जहाजं. बोटींवरचे लोक रशियात प्रशिक्षण घेऊन आलेले, वायरलेसवर रशियन बोलायचे, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. निर्घातचं क्षेपणास्त्र खैबर या पाकिस्तानी विनाशिकेवर आदळलं. आकाशातून उजेड येताना बघून खैबरच्या लोकांना ते विमान वाटलं, त्यांनी त्यावर तोफा झाडल्या. कराचीला संदेश गेला तोही 'शत्रूच्या विमानानं हल्ला केला' असाच, आणि त्यात दिलेली जागाही चुकीची. मुहाफिझ हे दुसरं जहाज तर संदेश न पाठवताच बुडालं. म्हणजे कराचीच्या पाटीवर त्या रात्री काय होतं? एक विमान, जे नव्हतंच. तीन बोटी ज्या होत्या, त्या नाहीत.

लोक बहुधा इथंच थांबतात, बुडालेली जहाजं मोजतात. मला त्याच्या दोन दिवसांनंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. ६ डिसेंबरला पाकिस्तानी हवाई दलानं झुल्फिकार या त्यांच्याच फ्रिगेटवर हल्ला चढवला, भारतीय क्षेपणास्त्र बोट समजून. घाबरलेली पाटी अशी असते. चार तारखेला पाटीवर नव्हत्या त्या बोटी सहा तारखेला जिकडेतिकडे दिसायला लागल्या. माहितीची सरशी म्हणजे हे. आपल्याला सगळं दिसत होतं असं मुळीच नाही, पण कुणावर काय सोडायचं ते ठरवण्यापुरतं वेळेत आणि बरोबर दिसत होतं. समोरच्याला चुकीचं दिसत होतं, आणि त्या चुकीवर तो विमानं पाठवत होता.

आपली पाटी मात्र नेहमी बरोबर होती, असं समजू नकोस. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली. पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडी खाली गप्प ऐकत बसली होती. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. मी भरती झालो तेव्हा ही नावं माहीत असलेले लोक मेसमध्ये भेटायचे आणि त्या विषयावर जेवताना कुणी बोलायचं नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रात्री देतो. बस आली.

कोडबडव्या (सकाळी १०:०५)

चीफकाकांची पाटी भारी आहे, पण आता ती पाटीच फोडतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरायच्या सुमारे तासभर आधी वायासॅट कंपनीच्या उपग्रह इंटरनेटवर सायबर हल्ला झाला, हजारो मोडेम निकामी. झळ इतकी लांब गेली की जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांची दुरून देखरेख बंद पडली. काही दिवसांत युक्रेननं स्टारलिंक या दुसऱ्या उपग्रह इंटरनेटचे डबे लावले. त्यांची 'डेल्टा' प्रणाली तर ब्राउझरमध्ये चालते: ड्रोन, उपग्रह, माणसं, सगळ्यांनी पाहिलेलं एकाच नकाशावर.

उलट बाजूही आहे. १ जानेवारी २०२३ ला रशियाच्या ताब्यातल्या माकिइव्का शहरात एका इमारतीवर युक्रेनची क्षेपणास्त्रं पडून रशियाचे ८९ सैनिक मेले. आकडा रशियाचाच, आणि कारण त्यांनीच सांगितलं: बंदी असताना सैनिक मोबाईल वापरत होते.

वेसाव्याचा_तांडेल (दुपारी १:४०)

चीफसाहेब, तुमच्या पाटीवरची ती बाजरी आम्ही. वेसावा कोलीवाड्यातून लिहितो, बोट माझी आहे.

तुमच्या शत्रूनं आमचे दिवे लावले ते वाचून हसू आलं, मग नाय आलं. २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा तेच झालं. अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' बोट दर्यात धरली, खलाशी मारले, तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या कप्तानाकडून मुंबईपर्यंत बोट आणवून घेतली आणि मग त्यालाही मारला. रडारला दिसली असती तरी काय दिसलं असतं? एक मच्छीमार. तिथून रबरी होडीनं दहा जण बधवार पार्कसमोरच्या मच्छीमार नगरात उतरले. आणि तिथं आमच्या लोकांनी त्यांना बघितलं हो. विचारलंसुद्धा, कोण, कुठले. उडवून लावलं त्यांनी. म्हणजे बघणारा होता, वेळही बरोबर होती. चीफसाहेबांच्या तीन गोष्टींपैकी दोन हातात होत्या. सांगायचं कुणाला, ते नव्हतं.

आता आहे. कोस्ट गार्डचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. बायोमेट्रिक कार्ड आहे, निघताना टोकन आहे, 'सागर कवच' हा किनारा सुरक्षेचा सराव असतो तेव्हा तपासणी होते. आणि आता ट्रान्सपाँडर, बोटीची जागा कळवणारं यंत्र. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला त्याचं उद्घाटन झालं, देशभरात एक लाख बोटींना फुकट बसवायचे. इस्रोचा उपग्रह, मोबाईलची रेंज नसली तरी चालतं. वादळाचा इशारा येतो, मदतीचं बटण आहे.

पण खरं सांगू? पहिल्यांदा आम्ही कुणी तयार नव्हतो. मासळीची जागा ही आमची माहिती आहे. पाच पिढ्यांची. वायरलेसवर कुणी विचारलं, 'काय रं, किती गावलं?' तर बर्फाचे खण भरलेले असले तरी 'काय नाय, तेल पण सुटलं नाय' असंच सांगायचं. मी चुलतभावाला पण तेच सांगतो, तो पण मला. दोघांनाही ठाऊक असतं. आता वरून कुणीतरी बघतंय की बोट कुठं चार तास थांबली, म्हणजे आमची सरशी गेली की. मग माझ्या पोरानं समजावलं की जागा सरकारला कळते, चुलत्याला नाय. बसवला.

ताई, तुमच्या पट्टीचं एक सांगतो. त्या मे महिन्यात आमच्या घरच्यांनी पण ती बघितली. कराची उडालं म्हटल्यावर आता तिकडून उलटं येणार, म्हणून बायकोनं मला बंदरावर जाऊ दिलं नाय. कुणी अधिकृत बंदी घातली म्हणून नव्हे, पट्टी बघून.

पट्टीवाली (संध्याकाळी ७:१५)

तांडेलदादा, सॉरी. खरंच.

२००८ ला मी शाळेत होते. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरणारे कमांडो मीही टीव्हीवर लाइव्ह पाहिले होते, आणि अतिरेक्यांना फोनवर सूचना देणारे पाकिस्तानातही तेच पाहत होते. कसाब खटल्याच्या निकालात, २९ ऑगस्ट २०१२ ला, सर्वोच्च न्यायालयानं त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. आम्हाला हे नोकरीला लागताना शिकवतात. त्यामुळे खरं दाखवून नुकसान कसं होतं ते कळतं. खोटं दाखवून कसं होतं, ते विचारतेय. काका, बस येऊन गेली असेल.

उलटी_पाटी (रात्री ९:५०)

आलो. नातू झोपला.

२००८ चं आणखी एक आहे, ते बहुतेक जण विसरतात. पलीकडचे आपला टीव्ही बघत होते हे खरं, पण त्यांचे फोन आपले पोलिस ऐकत होते हेही खरं. दोन्ही बाजूंना दिसत होतं. म्हणून म्हणतो, सरशी ही कुणाची कायमची मालकी नसते. तासातासाला इकडून तिकडे जाते.

आता तुझी पट्टी. ११ मे ला व्हाइस अॅडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं की पहलगामनंतर ९६ तासांच्या आत विमानवाहू नौकेचा ताफा, पाणबुड्या, विमानं समुद्रात होती, आणि आपण ठरवू त्या वेळी कराचीसह निवडक लक्ष्यांवर मारा करायच्या तयारीत होती. 'आपण ठरवू त्या वेळी' हे शब्द पुन्हा वाच. कराची बंदरावर हल्ला न करणं हाही निर्णयच होता. समोरच्याला दिसत होतं की हे करू शकतात आणि करत नाहीयेत. त्याला गोंधळात ठेवणारी गोष्ट ती होती.

आणि तुमच्या पट्ट्यांनी काय केलं? पाकिस्तानी नौदलाला फसवलं नाही. त्यांना खिडकीतून बंदर दिसत होतं. फसले तुझे बाबा, तांडेलांची बायको आणि माझा भाचा, ज्यानं मला रात्री दीड वाजता पेढ्याचा फोटो पाठवला. मग आपले अधिकारी पत्रकार परिषदेत खरं सांगायला बसले, तेव्हा बाहेरच्या कुणी विचारलं की मग तुमचं बाकीचं तरी खरं कशावरून, तर काय उत्तर देणार? आपल्या खऱ्या ठिपक्यांवर तुम्ही खोटे ठिपके सांडलेत. १९७१ ला कराचीच्या पाटीवर नसलेलं विमान आलं ते खैबरच्या घाबरगुंडीतून. आपल्या पाटीवर ते आलं उत्साहातून. पाटीला दोन्ही सारखंच.

नुकसान झालं का म्हणशील, तर कुणी मेलं असं मी म्हणणार नाही. पण तांडेल एक दिवस बंदरावर गेले नाहीत, म्हणजे समुद्रात बघणारी एक बोट त्या दिवशी कमी होती. आणि त्यांनीच वर सांगितलंय की बघणारा कोण असतो.

कोडबडव्या, तुझं डेल्टा वाचलं. छान आहे. फक्त एक विचारतो, त्यात ठिपक्याला वेळ लावतात ना?

कोडबडव्या (१०:०२)

लावतात काका. असल्या कुठल्याही नकाशात वेळेशिवाय भागतच नाही.

पट्टीवाली (११:३०)

काका, चहाच्या ब्रेकमध्ये वाचतेय. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीला रंग निवडायला दोनच पर्याय आहेत: लाल 'ब्रेकिंग' आणि निळी साधी. 'अननोन'चा रंगच नाही. वेळ टाकायला जागा आहे, पण आम्ही ती रिकामी ठेवतो, कारण वेळ दिसली की बातमी शिळी वाटते असं वरचे म्हणतात. आणि 'कुणी पाहिलं' हे लिहायचं तर एका ओळीत ७२ अक्षरंच बसतात.

उलटी_पाटी (११:४१)

आमच्या पाटीवर तर चारच बसायची. वेळेची रिकामी जागा भरून बघ.

वेसाव्याचा_तांडेल (११:४४)

आणि त्या गेमवाल्या पोराला पुढं बसवा.

पट्टीवाली (११:५२)

त्यानं नोकरी सोडली, आता ठाण्याला अॅनिमेशन शिकवतो. वेळेचं बघते. सोमवारी नाइटला आहे, तेव्हा मागे उभं राहून ओरडणारा एकच असतो.